अनुभव धागा: प्लास्टर निघालं, आता पुढे?

कोरांटी
कपाट आवरताना जुना कोनमापक हाती लागला, दोन प्लास्टिकच्या पट्ट्यांचा, सांधा किती अंश वाकतो ते मोजायचा. ते दिवस आठवले म्हणून धागा काढतेय. हाड आपलं आपण जुळतं. आखडलेला सांधा मात्र आपल्यालाच सोडवावा लागतो, आणि तो कसा हे ओपीडीच्या घाईत सांगायचं राहून जातं. कहाण्या नंतर कधीतरी. इथे कृती लिहा: कसं, किती वेळा, कुठे चुकतं.

मनगटापासून सुरू करते. प्लास्टर साधारण पाच-सहा आठवडे, पण व्यायाम पहिल्या दिवसापासून. बोटं पूर्ण सरळ, मग पेरं वाकवून हुकासारखा आकडा, मग घट्ट मूठ, मग अंगठा एकेका बोटाच्या टोकाला. जागेपणी दर तासाला १० वेळा. कोपर वाकवून सरळ करायचं आणि हात डोक्यावर न्यायचा. हे शेवटचं हमखास विसरतं. हात महिनाभर झोळीत राहिला की तुटलेलं मनगट बरं होतं आणि धडका खांदा आखडून बसतो.

प्लास्टर निघाल्यावर हात टेबलावर, मनगटाखाली टॉवेलची गुंडाळी, पंजा कडेबाहेर. वर ५ सेकंद, खाली ५ सेकंद, १० वेळा, दिवसातून चारदा. मग तळहात उलथा-पालथा करायचा. कोपर ९० अंशात वाकवून बरगडीला चिकटवा आणि मध्ये घडीचा रुमाल धरा. रुमाल पडला तर समजा खांदा फिरतोय, हात फिरतच नाहीये. हे जमलं की हातात हातोडी. आधी तिच्या डोक्याजवळ धरायची, मग आठवड्या-आठवड्याने मूठ खाली सरकवायची. जितकी खाली तितका ताण जास्त.

मधली सुट्टी
वाचतेय. आमच्याकडे अजून प्लास्टरच आहे, आत भयंकर खाजतं. विणायची सुई घालू का?

पिंपळपान
@मधली सुट्टी, अजिबात नको! आत ओरखडा उठला तर जखम दिसत नाही आणि चिघळते. ड्रायर गार हवेवर ठेवून कडेने हवा सोडा, वरून टिचक्या मारा. वास आला, ओल दिसली तर लगेच दाखवा. आणि बोटं निळी-पांढरी पडली, बधिर झाली, किंवा दुसऱ्याने बोटं सरळ केली की जीव जाईल असं दुखलं, तर रात्र आहे म्हणून थांबू नका. आत दाब वाढल्याची ती खूण आहे, काही तासांत स्नायू कायमचा जातो.

अबोली
कोरांटीताई, छान धागा. घाईत एक लिहिते. प्लास्टर निघाल्यावर कातडी खवल्यासारखी सुटते, ती घासून काढू नका. कोमट पाण्यात १० मिनिटं हात बुडवायचा, टिपून घ्यायचा, तेल किंवा क्रीम हलक्या हाताने. आठवड्यात आपोआप जाते. हात बारीक दिसतो म्हणून घाबरायचं नाही, स्नायू वापरला की परत भरतो.

पिंपळपान
मी फिजिओ आहे, म्हणून कोपराबद्दल हात जोडून सांगते. कोपराला मालीश नाही, ओढून वाकवणं नाही, बादली धरून सरळ करणं नाही. तिथल्या स्नायूला जबरदस्ती झाली की स्नायूतच हाड धरू शकतं आणि सांधा पहिल्यापेक्षा जास्त अडकतो. कोपर रुग्णाने स्वतःच्या ताकदीने हलवायचं, दुखायला लागेल तिथे थांबून ५ सेकंद धरायचं, सोडायचं. घरातली प्रेमाची माणसं इथे फार नुकसान करतात. पालक मुलाचा हात धरून “अजून थोडा, अजून थोडा” करतात. करू नका.

किती दुखलं तर चालेल हे सगळेच विचारतात. व्यायाम करताना ताण, ओढ, थोडं दुखणं ठीक. तासा-दोन तासांत ते मूळ पातळीवर यायला हवं. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज वाढलेली दिसली तर काल जास्त झालं: संख्या निम्मी करा, बंद करू नका. व्यायामाआधी कोमट शेक, नंतर कपड्यात गुंडाळून बर्फ १० मिनिटं. आत प्लेट-स्क्रू असेल तर दवाखान्यातलं शॉर्टवेव्हचं (आत खोलवर शेक देणारं) मशीन नको, धातू तापतो. घरचा साधा शेक चालतो, फक्त बधिर जागेवर नाही.

ऊनसावली
गुडघ्याचं कोणी लिहिलं नाही म्हणून. गुडघ्याखाली उशी ठेवून झोपणं ही सगळ्यात मोठी चूक. बरं वाटतं खरं, पण गुडघा वाकलेलाच आखडतो आणि शेवटचे ५-१० अंश सरळ होत नाहीत. मग माणूस लंगडतो. उशी टाचेखाली घ्यायची, गुडघा अधांतरी, १० मिनिटं, दिवसातून तीनदा. त्यातच मांडी आवळायची, गुडघ्याची वाटी वर सरकताना दिसली पाहिजे, ५ सेकंद धरून १० वेळा. मांडी ऐकतच नसेल तर आधी सूज उतरवा. सुजलेल्या गुडघ्याची मांडी नीट आवळली जात नाही, तो आळस नव्हे. पाय सरळ उचलताना गुडघा किंचित वाकत असेल तर अजून उचलायचा नाही, आवळणंच वाढवायचं.

वाकवण्याचा अंदाज: सपाटीवर चालायला ६०-६५ अंश पुरतात, जिना उतरायला ९० च्या आसपास, बुटक्या खुर्चीतून उठायला त्याहून जास्त. कोरांटी, तुझा कोनमापक इथे कामाचा. आठवड्यातून एकदाच मोजा, त्याच वेळी, त्याच स्थितीत. रोज मोजलं की माणूस खचतो.

कोरांटी
हो गं, अगदी. आठवड्याला ५ अंश म्हणजेसुद्धा चांगलं चाललंय.

रानवारा
कुबड्यांची उंची कोणी बघत नाही. काखेची गादी काखेखाली दोन-तीन बोटं, मूठ धरल्यावर कोपर २०-३० अंश वाकलेलं. भार तळहातावर. काखेवर लटकलं की शीर दाबली जाते आणि मनगट लुळं पडतं. खालची रबरी टोपी गुळगुळीत झाली की बदला, ओल्या फरशीवर तिथूनच पडतात.

डॉक्टर म्हणतात “अर्धवट भार टाका”. अर्धवट म्हणजे किती? किलोत विचारून घ्या. मग वजनकाट्यावर दुखरा पाय, शेजारी तेवढ्याच उंचीच्या पाटावर चांगला पाय. २० किलो सांगितले असतील तर काटा २० दाखवेपर्यंत दाबायचं, असं ५-६ वेळा. नंतर काट्याकडे न बघता दाबा, मग बघा. सुरुवातीला अंदाज चांगलाच चुकतो. सगळे भ्यालेले असतात असंही नाही, बरेच जण नकळत दुप्पट टाकतात.

मधली सुट्टी
धन्यवाद पिंपळपान, ड्रायरने खरंच बरं वाटलं. बाय द वे, डाव्या हाताने टाइप करणाऱ्यांनी फोनचा कीबोर्ड एका हाताच्या सेटिंगवर ठेवा, कडेला सरकतो.

अबोली
हे माहीतच नव्हतं! आमच्याकडेही सांगते.

ऊनसावली
घोटा राहिला. प्लास्टरमध्ये चवडा खाली झुकलेला राहिला असेल तर पोटरी आखडते, टाच टेकत नाही. टॉवेल चवड्याला अडकवून स्वतःकडे ओढा, गुडघा सरळ, ३० सेकंद, ४ वेळा. अंगठ्याने हवेत बाराखडी गिरवा, क पासून ज्ञ पर्यंत. उभं राहायची परवानगी मिळाली की भिंतीसमोर उभं राहून टाच न उचलता गुडघा भिंतीला लावायचा. चवडा भिंतीपासून किती बोटं लांब नेता येतो ते दोन्ही पायांत ताडून पाहा. संध्याकाळची सूज कित्येक महिने राहते, रोज आडवं होऊन टाच नाकापेक्षा वर ठेवा. पण एकाच पोटरीत दुखणं, गरमपणा, वाढती सूज असेल तर ती वेगळी. रक्ताची गुठळी असू शकते, चोळू नका, त्याच दिवशी दाखवा. दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट तातडीच्या विभागात.

पिंपळपान
आणखी एक. हाड जुळून आलं तरी आग आग होतेय, वाऱ्याची झुळूकही सोसत नाही, कातडी चकचकीत, रंग बदलतो, घाम फुटतो, असं असेल तर ते “मनाचं” नाही. लवकर दाखवलं तर आटोक्यात येतं. तोवर हात झाकून ठेवू नका, दिवसातून चार-पाच वेळा मऊ कापडाने हळूच स्पर्श करत राहा.

मधली सुट्टी
सासऱ्यांचा खुबा मोडलाय, प्लेट बसवलीय. जिन्यावर वॉकर चालेल का?

रानवारा
वॉकर जिन्यावर नको. एक हात कठड्याला, दुसऱ्यात काठी, आणि खालच्या बाजूला एक माणूस. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. सपाटीवर वॉकर, मग दुखरा पाय, मग चांगला. पुढे नुसत्या काठीवर आले की ती चांगल्या पायाच्या हातात. बरेच जण दुखऱ्या बाजूला धरतात आणि खुब्यावरचा ताण तसाच राहतो. संडासात जायच्या वाटेवरची पायपुसणी आजच उचला. आणि रात्री दिवा चालू ठेवा.