साडेसात वर्षांच्या मुलीसाठी जिम्नॅस्टिक्सची कोणती बॅच? (पुणे, महिना ३००० पर्यंत)

निशिगंध
लेक दीड वर्ष घराजवळच्या मॅडमकडे जाते, आठवड्यातून तीन दिवस. तिथे मॅट, एक बुटका बीम (तोल सांभाळत चालायची अरुंद पट्टी) आणि स्प्रिंगबोर्ड, एवढंच सामान. मागच्या महिन्यात एका स्पर्धेत दुसऱ्या हॉलच्या सरांनी तिला पाहिलं आणि थेट स्पर्धा बॅचला घेतो म्हणाले. सहा दिवस, रोज तीन तास, घरापासून १४ किलोमीटर. बाकीच्या मुली दहा-अकराच्या. फी ६५००. तिच्यात गुण आहेत हे मलाही दिसतं, म्हणूनच झोप लागत नाहीये. काय करावं?

खडकवासला
६५०० काहीच नाहीत. आम्ही ९००० भरतो, शिवाय रविवारचं वेगळं कोचिंग. लेक राज्य स्पर्धेत सहावी आली. सर स्वतःहून बोलावतायत, लगेच जा.

तालीमवाला
मल्लखांबाला घाला. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी उभी केलेली आपली विद्या आहे. मुलींसाठी दोरीचा मल्लखांब उत्तम, फीही परवडते. उदय देशपांडे सरांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी.

खडकवासला
मल्लखांब ऑलिंपिकमध्ये नाही. ताईंनी जिम्नॅस्टिक्सचं विचारलंय.

तालीमवाला
ऑलिंपिकला किती जणी जातात? माझ्या दोन्ही पुतण्या मल्लखांबावर वाढल्या, खांदे बघा त्यांचे.

साधना_ठाणे
रिदमिकचा विचार केलात का? संगीतावर हूप, बॉल, क्लब्ज, रिबन घेऊन करतात ते जिम्नॅस्टिक्स. आमच्या ठाण्याच्या संयुक्ता काळेने खेलो इंडियात सुवर्णपदकं मिळवली आहेत. माझी भाची रिदमिकच करते, तिची रिबन मीच इस्त्री करून देते.

प्रसाद७७
स्पर्धा बॅचच घ्या. दीपा कर्माकरने लहानपणापासून कष्ट केले म्हणून रिओ ऑलिंपिकमध्ये पदक मिळालं.

अंतरा
पदक नाही मिळालं, चौथी आली. व्हॉल्टला (धावत येऊन टेबलावरून उडी) १५.०६६ गुण, कांस्य ०.१५० ने हुकलं. ती रात्र मी जागून काढली होती. आणि ती शिकली आगरतळ्यात, बिश्वेश्वर नंदी सरांकडे. तळपाय सपाट होते, त्यावर सरांनी आधी मेहनत घेतली. तेव्हा हॉल केवढा यापेक्षा माणूस कोण ते बघा.

कोथरूडची_आई
माझं ऐका, कारण आमचं नुकसान झालंय. मुलगी नऊची असताना एका ठिकाणी स्प्लिट (दोन्ही पाय सरळ पसरून जमिनीला टेकणं) पूर्ण बसत नाही म्हणून सरांनी खांद्यावर भार देऊन खाली दाबली. मांडीच्या मागचा स्नायू फाटला. चार महिने जिना चढताना कठडा धरायची. पालकांना आत बसू देत नव्हते, त्यामुळे मला कळलं ते घरी आल्यावर. जिथे दार बंद, तिथे पोर घालू नका.

प्रसाद७७
थोडं दुखल्याशिवाय खेळाडू घडत नाही हो.

कोथरूडची_आई
साडेसात वर्षांच्या मुलीबद्दल बोलतोय आपण.

डॉ_फिजिओ
या वयात हाडांची वाढ चालू असते. हँडस्टँड आणि उड्यांचा भार मनगटावर येतो, तासांची संख्या एकदम दुप्पट-तिप्पट केली की मनगट, टाच, कंबर कुरकुरायला लागतात. नऊ तासांच्या आतून एकदम अठरावर जाऊ नका. ट्रायलला जाऊन तासभर नुसतं बघा: एका सरांमागे मुली किती, पडायचं कसं हे शिकवतात का, दुखतंय म्हटल्यावर थांबवतात का, वजनावरून कुणाला बोलतात का. महिलांच्या सीनियर गटाला १६ वर्षं लागतात. वेळ आहे.

खडकवासला
१६ ला पोचायचं तर आत्ताच सुरुवात हवी ना! दहावीला खेळाचे वाढीव गुणही मिळतात.

अंतरा
डॉक्टरांना अनुमोदन. सरांनी एनआयएस पतियाळाचा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) प्रशिक्षकाचा कोर्स केलाय का तेही विचारा. आणि क्लब जिल्हा संघटनेशी जोडलेला आहे का, नाहीतर स्पर्धेच्या वेळी अडतं.

निशिगंध
सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी ट्रायलला जाऊन आलो. आत बसू दिलं, सरही चांगले आहेत. पण चौदा मुलींमागे एकटे. लेकीला उंच बीमवर चढवलं. सव्वा मीटर उंची, १० सेंटिमीटर रुंदी. ती तिसऱ्या पावलावर थांबली, पायाची बोटं बीमच्या कडेला घट्ट आवळलेली, आणि बघत होती माझ्याकडे, सरांकडे नाही. सर तेव्हा बारवर (लटकायच्या आडव्या दांड्या) दुसऱ्या मुलीला धरून होते.
रविवारी मॅडमना सगळं खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, पडायची भीती गेली की मीच पाठवेन. दर दुसऱ्या रविवारी त्या स्वतः तिला बारसाठी ओळखीच्या हॉलवर घेऊन जाणार आहेत, वरचे ८०० रुपये. वर्षभर मॅडमकडेच ठेवतोय.

खडकवासला
संधी घालवलीत ताई. मी अजूनही म्हणेन, सरांना पुन्हा फोन करा.

तालीमवाला
ज्या रविवारी बारला जायचं नसेल तेव्हा लेकीला आमच्या आखाड्यावर आणा, दोरी दाखवतो.

साधना_ठाणे
लिओटार्ड कुठून घेतलात? भाचीचा खांद्यात उसवलाय.