अलिबागहून आणलेली जुनी एटीव्ही नक्की कुठली आहे? आणि काम कुठून सुरू करू?

ऐरोलीकर_७
नमस्कार मंडळी. अलिबाग साइडला एकाने बीचवर पर्यटकांना फिरवायचा धंदा बंद केला, त्याच्याकडून जुनी एटीव्ही (चार जाड चाकांची, बाइकसारखी हँडलवाली गाडी) २८ हजारात घेतलीये. टेम्पोत टाकून आणली, सध्या बिल्डिंगखाली ताडपत्रीत उभी आहे. घेण्याचं कारण म्हणजे आमचं शेत मुरबाडच्या पुढे आहे, घरापासून वरचं खाचर दीड किलोमीटर आणि मधे नुसती बैलगाडीची वाट. बाबांचे दोन्ही गुडघे गेलेत तरी रोज वर जाऊन येतात, कितीही सांगा ऐकत नाहीत, म्हणून म्हटलं हिच्यावर बसून जातील तरी.

देणारा म्हणाला जपानी आहे, १५० सीसी. टाकीवर जपानी कंपनीचा स्टिकर आहे खरा, पण त्याच्या कडेखालून दुसराच कसला तरी स्टिकर डोकावतोय, तेव्हापासून मनात शंका आहे. कागद काहीच नाहीत. इंजिन आडवं, सिलिंडर पुढे झोपलेला, बाजूला पुढचे तीन गिअर आणि एक रिव्हर्स असा लिव्हर. सेल्फ मारला की नुसतं टक टक होतं. दुसरी बॅटरी लावल्यावर इंजिन फिरतं पण पकडत नाही. एका गॅरेजवाल्याने न उघडताच इंजिन बदला म्हणून सांगितलं आणि १८ हजार बोलला. आवणीच्या आधी गाडी गावी न्यायचीये. कुणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.

वागळेवाला_फिटर
भाऊ आधी एक काम कर, कुणालाही एक रुपया देऊ नकोस. स्टिकर बघू नकोस आणि प्लास्टिकही बघू नकोस, ते कुठलंही कुठल्याही गाडीला बसवतात. इंजिन काय म्हणतंय ते बघ. डाव्या बाजूला खाली, क्रँककेसवर म्हणजे इंजिनच्या खालच्या खोक्यावर नंबर ठोकलेला असतो, त्यावर चिखल आणि ऑइलचा थर बसलेला असणार. रॉकेल नाहीतर डिझेल लावून तारेच्या ब्रशने घास, ग्राइंडर अजिबात लावू नकोस, नंबर उडून जाईल. मग वरून खडू घासून बोटाने पूस, आकडे पांढरे उठून दिसतात.

आता ते वाचायचं कसं. समज १५२एफएमएच असं दिसलं, तर १ म्हणजे एक सिलिंडर, ५२ म्हणजे बोअर (सिलिंडरच्या आतला व्यास) ५२ मिलीमीटरच्या आसपास, एफ म्हणजे हवेवर थंड होणारं, एम म्हणजे मोटरसायकलचं, आणि शेवटचं अक्षर सीसीचं. बी असेल तर ५०, डी ७०, एच ११०, आय १२५, जे १५०. तू सांगतोस तसं आडवं सिलिंडर आणि तीन अधिक एक गिअर म्हटल्यावर मला तरी ते ११० वाटतंय, १५० नाही. १५० ची बरीचशी स्कूटरसारखी बेल्टवाली येतात, डावीकडे लांबलचक कव्हर असतं, त्यावर १५७क्यूएमजे लिहिलेलं मिळतं.

चेसिस नंबर पुढच्या बंपरमागच्या पाइपवर किंवा पायदानाजवळ शोध. १७ अक्षरं असतात. पहिलं अक्षर एल असेल तर गाडी चीनची, जे असेल तर जपानची. दहाव्या अक्षरावरून मॉडेलचं वर्ष कळतं, ८ म्हणजे २००८, ९ म्हणजे २००९, ए म्हणजे २०१०. हे दोन्ही इथे टाक, मग बोलू.

खारघर_रायडर
एवढ्या भानगडीत कशाला पडता, जुनं स्प्लेंडरचं इंजिन टाका आणि मोकळे व्हा. पार्ट गल्लोगल्ली मिळतात, कुठलाही मेकॅनिक हात घालतो. माझ्या मित्राने पनवेलला करून घेतलंय, मस्त चालते.

वागळेवाला_फिटर
मित्राची चालत असेल तर चांगलंच आहे, पण याच्या कामाचं ते नाही. स्प्लेंडरला रिव्हर्स कुठे आहे? शेताच्या बांधावर गाडी अडकली तर एवढं धूड हाताने मागे कोण ओढणार, गुडघे दुखणारे वडील? वर क्लच हाताचा, माउंटिंग कापून वेल्डिंग करा, चेनची लाइन जुळवा, लेथवाल्याचे पैसे वेगळे. हे मान्य की दोन्ही इंजिनं होंडा कबच्या घराण्यातली आहेत, स्प्लेंडरचा बोअर ५० आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ४९.५, या ११० चा बोअर ५२.४ आणि स्ट्रोक तोच ४९.५. म्हणूनच आपल्याकडच्या मेकॅनिकला हे इंजिन उघडल्यावर ओळखीचं वाटतं. पण ओळखीचं वाटलं म्हणून त्यांचा पिस्टन यात ठोकायला जाऊ नये.

आणि ऐरोलीकर, गाडी खाऱ्या पाण्यातली आहे हे विसरू नकोस. सेल्फ आणखी मारायच्या आधी ऑइल काढून बघ, दूध घातलेल्या चहासारखं निघालं तर आत पाणी गेलंय.

शहापूरची_लेक
दादा, तुमच्या बाबांचं वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय. आमच्याकडे शेतावर तीन वर्षं एटीव्ही आहे, खूप उपयोगी आहे, पण आमच्या दिरांचं गळ्याजवळचं हाड मोडलंय हिच्यावरच. या लहान गाड्यांना मागच्या दोन चाकांत डिफरन्शिअल नसतं, एकच अखंड एक्सल असतो, दोन्ही चाकं एकाच स्पीडने फिरतात, त्यामुळे कडक जमिनीवर किंवा डांबरावर वळवायला गेलं की गाडी सरळच ढकलते आणि माणूस घाबरून जोरात वळवतो तेव्हा कलंडते. दिरांचं अगदी तसंच झालं, मागे पुतण्या बसला होता, तो बाजूच्या चिखलात पडला म्हणून वाचला. तेव्हापासून आमच्याकडे मागे कुणी बसायचं नाही आणि हेल्मेटशिवाय चावी नाही. बाबांना आधी नांगरलेल्या मऊ रानात आठ दिवस शिकवा, लगेच वाटेवर सोडू नका, आणि खताची गोणी तर एवढ्यात नकोच.

दुसरं टायरची हवा. पेट्रोल पंपावर हवावाला सवयीने ३० मारतो. एटीव्हीच्या टायरला बहुतेक ३ ते ७ पीएसआय लागते, आकडा टायरवरच लिहिलेला असतो. आम्ही हातपंपाने भरतो. आणि हिला पासिंग नसतं, तेव्हा गावात डांबरी रस्त्यावर अजिबात नाही. ट्रायल घ्यायला येऊरला वगैरे तर नेऊच नका, ते नॅशनल पार्कचं जंगल आहे.

ऐरोलीकर_७
सगळ्यांचे मनापासून आभार, ताई तुमचं तर बाबांना वाचून दाखवलं, ते गप्प बसून ऐकत होते.

फिटर दादा, तुम्ही म्हणालात तेच निघालं, १५२एफएमएच. चेसिस एलने सुरू, दहावं अक्षर ८. म्हणजे चीनची ११०, २००८ चं मॉडेल. फसवलं गेल्याचं वाईट वाटलं, पण निदान आता माहितीये माझ्याकडे काय आहे. ऑइल काळं निघालं, दुधाळ नाही, नवीन टाकलं. शनिवारी कार्बोरेटर उघडला तर खालच्या वाटीत मधासारखा पिवळा चिकट थर, लहान जेट (बारीक भोकाचा पेट्रोल सोडणारा स्क्रू) उजेडाकडे धरला तर आरपार काहीच दिसेना. कार्ब क्लीनर मारला आणि ब्रेकच्या केबलचा एक बारीक तार घालून हलकेच फिरवला, टिकलीएवढा उजेड दिसला तेव्हा बायकोला हाक मारून दाखवला. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाकलं, पाइप कडक झाला होता तोही बदलला. पण प्लगला करंटच येत नाहीये. नवीन प्लग लावून इंजिनला टेकवून बघितला, काही नाही. सीडीआय (प्लगला करंट सोडणारा डबा) नवीन घेऊ का?

वागळेवाला_फिटर
थांब, घेऊ नकोस. हिच्या मागे दोरीवाला किल स्विच असेल, पर्यटकांच्या गाड्यांना असतोच, गाइड मागून दोरी ओढतो आणि गाडी बंद होते. सीडीआयला येणाऱ्या वायरींत काळ्यावर पांढरी पट्टी असलेली एक वायर बघ, बहुतेक या गाड्यांत तीच बंद करायची वायर असते, ती अर्थ झाली की करंट बंद. फक्त ती काढून सेल्फ मार. करंट आला तर सीडीआय आणि कॉइल ठीक, दोष चावी, हँडलचं बटण किंवा त्या दोरीच्या स्विचमध्ये. पण चेक झालं की परत जोडायची, नाहीतर अडचणीच्या वेळी गाडी बंद करायला हातात काहीच उरणार नाही. वडील चालवणार आहेत.

ऐरोलीकर_७
दादा आला!! निळा करंट, टक टक आवाजासकट. दोरीचा स्विच उघडला तर आत सगळं हिरवं, मिठाने पत्री खाल्लेली आणि स्प्रिंग तुटून बॉडीला टेकलेली. नवीन स्विच लावला, काळी-पांढरी परत जोडली, दोरी ओढून चार वेळा बंद करून बघितली. चोक देऊन तिसऱ्या सेल्फला गाडी चालू झाली, पहिला पांढरा धूर गेला आणि मग स्थिर झाली, वॉचमनकाकासुद्धा येऊन उभे राहिले. १८ हजाराचं काम २ हजाराच्या आत झालं.

आता एकच राहिलंय. मागचं चाक दोन्ही हातांनी वर-खाली हलवलं की खटखट करतं, चेन काढून एक्सल फिरवला तर वाळू दळल्यासारखा आवाज येतो.

वागळेवाला_फिटर
एक्सलचे बेअरिंग गेलेत, बीचची वाळूच आहे ती. टोकाचे दोन मोठे नट एकमेकांवर आवळलेले असतील, दोन पाने लावून आधी बाहेरचा सोडव, रात्रभर गंजावर ऑइल मारून ठेव म्हणजे झटापट होणार नाही. जुने बेअरिंग काढून कडेवरचा नंबर वाच, चार आकडी नंबरातले शेवटचे दोन आकडे ०४ किंवा जास्त असतील तर गुणिले ५ केले की आतलं भोक मिलीमीटरमध्ये मिळतं, म्हणजे ०६ असेल तर ३० चा एक्सल. एक्सल त्या जागी झिजलाय का तेही व्हर्नियरने बघ, झिजला असेल तर नवीन बेअरिंग महिनाभरात परत वाजेल. घेताना दोन्ही बाजूंनी रबर सीलवालेच माग, उघडे देत असेल तर घेऊ नकोस, भाताच्या चिखलात टिकणार नाहीत. जुना नमुना सोबत घेऊन जा. आणि रविवारी सकाळी मी घरीच असतो, ऐरोलीला यायला मला अर्धा तास लागतो, बेअरिंग प्रेस करून बसवताना बोलाव.