गुटी कलम: पेरूच्या फांदीवर साल कुठे संपते आणि लाकूड कुठे सुरू होतं? (मदत हवी आहे)

रानजाई:
नमस्कार मंडळी. आजोळच्या परड्यात लाल गराचा जुना पेरू आहे. घराचं बांधकाम काढलंय आणि पेरू नेमका पायाच्या आखणीत येतो. दिवाळीनंतर तो तोडावाच लागेल. म्हणून पाऊस सुरू झाल्यावर त्याच्या फांद्यांवर गुट्या बांधल्या (म्हणजे सालीचं एक वळं काढून तिथे ओलं शेवाळ गुंडाळलं, की फांदीला झाडावरच मुळं फुटावीत). पानं हिरवीगार, फांद्या ठणठणीत, पण शेवाळ उघडून बघावं तर मुळांचा पत्ता नाही! उलट सोललेल्या जागेवर फिकट हिरवट, गाठाळ पट्टी तयार होऊन वरची आणि खालची साल एकमेकींना जवळपास भिडलीय. एका फांदीचं भलतंच झालं. तिची पानं माना टाकून वाळून गेली.

माझा सगळा गोंधळ थरांचा आहे. व्हिडिओत 'साल काढा' म्हणतात आणि पुढच्या क्षणाला पांढरी कांडी दाखवतात. इथे तपकिरी पापुद्रा तर नखानेच निघतो. खाली हिरवं. हिरवं खरवडलं की ओलसर पांढरट. ते काढलं की पुन्हा पांढरं, फक्त बुळबुळीत. आणखी खरवडलं तरी पांढरंच. यात साल कुठवर आणि लाकूड कुठून? थांबायचं कुठे? पावसाळा आहे तोवर पुन्हा बांधायच्या आहेत.

निवडुंग_बिनकाट्याचा:
एवढा खटाटोप कशाला? एक पिकलेला पेरू खा, बिया पेरा.

रानजाई:
बियांचं रोप मूळ झाडासारखंच निघेल याचा भरवसा नाही ना. मला हाच पेरू हवाय.

पानगळ:
तुम्ही पाहिलेले थर बरोबर आहेत, फक्त रंगावर जाऊ नका. पांढऱ्यावर पांढरं असल्यामुळे डोळा फसतो. हाताला काय लागतं ते बघा.

तपकिरी पापुद्रा म्हणजे सालीचा मेलेला, बाहेरचा भाग. पेरू तो आपणहून टाकत असतो, तो काढल्याने झाडाला काही फरक पडत नाही. खालचा हिरवा थर आणि त्याच्या आतला ओलसर पांढरट थर हीसुद्धा सालच, पण जिवंत. पानांत तयार झालेलं अन्न याच आतल्या सालीतल्या रसवाहिन्यांतून खाली जातं. चाकूचं टोक खाली सरकवून उचकटलं की ही साल वाकते आणि पट्टीसारखी सोलून येते. लाकूड असं कधीच येणार नाही, त्याचा छिलका निघतो आणि चाकूला कडकपणा लागतो.

दोघांच्या मधे जे बुळबुळीत लागतं, तिथेच तुमचं उत्तर आहे. ते कॅम्बियम. मोजक्या पेशींच्या जाडीचा थर, नुसत्या डोळ्यांना वेगळा दिसत नाही. बोटाला जो ओशटपणा जाणवतो त्यात कॅम्बियमबरोबर नुकत्याच तयार झालेल्या, अजून कडक न झालेल्या पेशीही असतात. हा थर आतल्या बाजूला लाकूड तयार करतो आणि बाहेरच्या बाजूला साल. त्याच्या बाहेरचं सगळं साल, आतलं सगळं लाकूड. पावसाळ्यात वाढ जोरात असते तेव्हा हा थर नाजूक असतो, म्हणून साल अलगद सुटते. उन्हाळ्यात तीच चिकटून बसते. (नारळ-सुपारीला हा थरच नसतो, त्यामुळे त्यांच्या खोडावर हा प्रयोग करायला जाऊ नका.)

आता तुमच्या गुट्या. साल काढली, पण बुळबुळीत थर कांडीवर राहिला. शेवाळाची ओल मिळाली, त्या पेशी वाढल्या आणि नवी साल तयार झाली. अन्नाचा रस्ता पुन्हा उघडला, मग फांदी मुळं कशाला फोडेल? वाळलेल्या फांदीवर मात्र चाकू लाकडात शिरला असणार. पाणी लाकडातल्या जलवाहिन्यांतून वर चढतं, आणि त्यातही सर्वांत बाहेरचं, कोवळं लाकूड सगळ्यांत जास्त कामाचं. तेच कापलं गेलं तर पानांना पाणी कुठून मिळणार?

खात्री करायची असेल तर पानांसकट एक डहाळी तोडा, तळाशी ताजा काप द्या आणि लाल शाईच्या पाण्यात दोन-तीन तास ठेवा. मग आडवी कापा. जिथे लाल चढलंय ते लाकूड.

तळकोकणी:
आमच्याकडे दालचिनी सोलताना हे सगळे थर एकामागोमाग हातात येतात. बागेत 'कोकण तेज' जातीची झाडं आहेत. पाऊस झाल्यावर फांद्या छाटतात, मग आधी बोथट पात्याने वरची खरखरीत तपकिरी साल खरवडून टाकतात. ती दालचिनी नव्हे. मग पितळी दांड्याने फांदी घासतात, त्याने आतली साल लाकडापासून मोकळी होते. उभी चीर दिली की पात्याच्या टोकाने ती अख्खी उचलून येते आणि वाळताना स्वतःच गुंडाळी होते. मसाल्याच्या डब्यात जाते ती हीच आतली साल. मागे उरते ती पांढरी काठी, तिला चुलीची वाट. तुमच्या पेरूवर तुम्हाला त्या काठीपर्यंतच पोचायचंय, फक्त काठीला इजा न करता.

आणि त्याच्या अगदी उलट बुचाचं झाड. पोर्तुगालमध्ये बुचाच्या ओकची फक्त बाहेरची साल काढतात, आतली ठेवतात. त्यामुळे झाड जगतं आणि ९ वर्षांनी पुन्हा बूच देतं.

रानजाई:
लाल शाईचा प्रयोग केला! मी जरा आगाऊपणा करून डहाळीच्या मधोमध सालीचं एक वळंही काढून टाकलं होतं. तरी लाल रंग त्याच्या वरपर्यंत चढला. आडव्या कापावर बाहेरची कडा फिकी, मग लाल कडं आणि अगदी मधे पुन्हा एक फिका ठिपका. तो ठिपका काय? सागाच्या लाकडात मधे गडद गाभा असतो, तोच का?

पानगळ:
नाही. तो मधला मऊ भेंड. सागाचा गडद गाभा म्हणजे जुनं, पाणी वाहायचं थांबलेलं लाकूड. पेन्सिलीएवढ्या फांदीत तो तयारच झालेला नसतो.

कलमवाला_काका:
पानगळ यांनी शास्त्र सांगितलं, मी हात सांगतो. मागच्या हंगामाची, पेन्सिलीएवढी जाड फांदी घ्या. अगदी कोवळी चौकोनी असते, ती नको. दोन गोल काप द्या, मधे अडीच-तीन सेंटीमीटर अंतर ठेवा. अरुंद वळं लवकर भरून येतं. काप देताना चाकू कडक लागला की थांबायचं, दाबायचं नाही. मग एक उभी चीर देऊन साल उचला.

आता चाकूची पाठ घ्या, धार नव्हे, आणि कांडी चहूबाजूंनी खरवडा. नंतर कोरड्या सुती फडक्याने आवळून पुसा. बोट फिरवा. घसरत असेल तर अजून पुसायचंय. बोट अडखळायला लागलं की झालं. खालच्या बाजूला, जिथे नजर जात नाही, तिथे एखादी पट्टी हमखास राहते आणि तिच्यातूनच साल परत जुळते.

मुळं वरच्या कडेला फुटतात, कारण वरून येणारं अन्न तिथे अडतं. म्हणून मुळं फुटायला मदत करणारी हार्मोन पावडर तिथेच लावा. भिजवून घट्ट पिळलेलं शेवाळ, वरून पारदर्शक प्लास्टिक, दोन्ही टोकं आवळून बांधा. पावसाचं पाणी आत गेलं की कुजलंच.

रानजाई:
धन्यवाद काका! जुळलेली साल पुन्हा काढून त्याच जागी बांधू का?

कलमवाला_काका:
नको, तिथलं लाकूड आधीच खरवडलेलं आहे. वरच्या बाजूला चांगली जागा असेल तर तिथे, नाहीतर दुसरी फांदी धरा. आणि प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसली म्हणून लगेच तोडू नका. ती तपकिरी होऊन भरपूर दिसू लागली की गुटीच्या खाली आधी अर्धा काप द्या, आठवड्याभराने पूर्ण तोडा. पिशवीत लावल्यावर निम्मी पानं काढा आणि सावलीत ठेवा.