मदत हवी आहे: नामांतराच्या काळातल्या लोकांना कोणते प्रश्न विचारावेत?

नमस्कार मंडळी. अंबाजोगाईजवळ अकरावी-बारावीला मानसशास्त्र शिकवतो. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा १९७८चा ठराव ते १९९४चा नामविस्तार, या काळात त्या विद्यापीठात किंवा इथल्या कॉलेजांत शिकलेल्यांच्या मुलाखती माझी मुलं घेताहेत. घरचं मत एक, होस्टेलच्या मित्रांचं दुसरं, या ओढाताणीत 'मी कोण' हे कसं ठरलं, एवढंच शोधायचंय.

'तुम्ही कोणत्या बाजूला होता?' विचारलं की भाषण सुरू होतं. 'मनात द्वंद्व होतं का?' म्हटलं की 'छे, तसं काही नाही.' एका मुलीने मात्र शेजारच्या काकांना 'मेसमध्ये कुणासोबत जेवायचात?' एवढंच विचारलं. जिवलग मित्राच्या समोरून ताट उचलून दुसऱ्या टेबलावर गेल्याचं ते सांगू लागले. मला नेमकं हेच हवंय.

'मी कोण' हे कसं ठरतं याबद्दलची मानसशास्त्रज्ञ जेम्स मार्शिया यांची मांडणी मुलांना शिकवली आहे: शोध घेऊन धरलेली भूमिका वेगळी, घरातून आयती आलेली वेगळी. बोलण्यात मात्र दोन्ही सारख्याच ठाम वाटतात, घोडं तिथेच अडतं. छापील प्रश्नावली दाखवली तर माणसं परीक्षेला बसल्यासारखी आखडतात.

जात थेट विचारायची नाही, नावं लिहायची नाहीत. वर्गात सगळ्या समाजांची मुलं आहेत, कुणाचं मन दुखावता कामा नये.

मत झगडून कमावलं की आयतं घेतलं, हे बोलता बोलता उलगडेल असे साधे प्रश्न कोणते? आणि इतक्या वर्षांनी आठवणींवर चढलेलं आजचं मत वेगळं कसं काढायचं?