जुनी फोर बाय फोर जीप, दोघे जण, दोन रविवार: पावसाळ्याआधी घरी काय उरकावं?

परळीखोरे
गाडी महिंद्रा एमएम ५४० डिझेल. चारही चाकांना ड्रम ब्रेक, पुढं हातानं फिरवायचे लॉकिंग हब (पुढची चाकं फोर बाय फोरच्या शाफ्टला जोडणारे खटके). वापर सातारा ते ठोसेघर आणि शेताचा कच्चा रस्ता. लक्षणं तीन:
१) ब्रेक पहिल्या दाबाला खोल जातो, दुसऱ्या-तिसऱ्याला वर येतो.
२) मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला ओल.
३) खड्डा गेला की पुढची चाकं थरथरतात, स्टिअरिंग हातात नाचतं.
बाटली जॅक, दोन घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड), पान्यांचा सेट आहे. मदतीला एक मित्र. क्रम काय लावावा, तेल कुठलं घ्यावं आणि कुठल्या कामाला घरी हात घालू नये?

जुना_पाना
क्रम ब्रेक, मग चाकांचा प्ले (ढिलेपणा), शेवटी तेलं. ब्रेक आधी का, ते प्ले तपासताना कळेल.

जॅक लावायच्या आधी गाडीखाली वाकून हँडब्रेकचा ड्रम कुठं आहे ते बघा. या जुन्या जीपांना तो बहुतेक मागच्या चाकांवर नसतो, ट्रान्स्फर केसच्या (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी) मागं प्रॉपेलर शाफ्टवर असतो. म्हणजे हँडब्रेक शाफ्ट धरतो, चाक नाही. मागचं एक चाक उचललं की डिफरन्शियलमुळं (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारी गिअरची जोडणी) हवेतलं चाक उलटं फिरायला मोकळं होतं आणि जमिनीवरचं चाक गडगडू शकतं. हँडब्रेक ओढलेला, गिअर टाकलेला, तरी गाडी जॅकवरून उतरते. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून लाकडी गुटके, सपाट जागा, आणि घोडी लागल्याशिवाय कोणी खाली शिरायचं नाही. अंगणाला उतार असेल तर काम रस्त्यापलीकडं न्या, पण उतारावर नको.

आता पेडल. दोन-तीन दाबांत वर येऊन कडक होत असेल तर बहुतेक लाइनर आणि ड्रममधलं अंतर वाढलंय. वर येऊनही स्पंजासारखं लागत असेल तर लाइनमध्ये हवा. पाय दाबून धरल्यावर हळूहळू खाली सरकत असेल तर मास्टर सिलिंडरचं (पेडलला जोडलेला, ऑइलला दाब देणारा) सील गेलंय, नाहीतर कुठंतरी गळती आहे. हे ओळखल्याशिवाय ऑइल बदलत बसू नका. आधी अ‍ॅडजस्ट करा: चाक उचलून बॅकप्लेटमागचा अ‍ॅडजस्टर चाक अडेपर्यंत फिरवायचा, मग चाक मोकळं फिरेल इतकाच मागं घ्यायचा.

घाटवाट
मागच्या ओलीबद्दल. ती ब्रेक ऑइलची की हाउसिंगच्या (मागच्या डिफरन्शियलच्या पेटीच्या) तेलाची, हे आधी ठरवा. एक थेंब वाटीभर पाण्यात टाका. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं, गिअर ऑइल वर तरंगतं आणि गंधकासारखा वास मारतं. मिसळलं तर व्हील सिलिंडर (चाकातला, लाइनर ड्रमवर दाबणारा): रबरी टोपीची कड उचलून बघा, आत ओलं असेल तर उघडा. सिलिंडरच्या आत खड्डे पडले असतील तर नुसतं किट टाकून उपयोग नाही, नवं रबर त्याच खड्ड्यांवर घासून आठवड्यात गळतं. आख्खं सिलिंडर बदला. तरंगलं तर अ‍ॅक्सलचं ऑइल सील. तेल प्यालेले लाइनर पेट्रोलनं धुऊन परत बसवू नका, दोन्ही बाजूंचे जोडीनं बदला. एकाच बाजूचे बदलले तर गाडी ब्रेकला ओढते. ड्रमला चर पडले असतील तर एमआयडीसीत लेथवर दोन्ही सारख्याच मापाला करून घ्या.

जुना_पाना
ब्लीडिंगला (लाइनमधली हवा काढायला) मात्र मित्र लागतोच. ब्रेक ऑइल डॉट ३, सीलबंद डबा. अर्धा उघडा राहिलेला नको, ते हवेतलं पाणी ओढतं. स्टिअरिंग उजवीकडं, म्हणून सर्वांत लांबचं चाक मागचं डावं. मग मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. निपलला (चाकामागचा हवा सोडायचा स्क्रू) पारदर्शक नळी, तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडलेलं.

शब्द ठरवून घ्या. खालचा म्हणतो "दाब", वरचा दाबून म्हणतो "धरलंय". मग निपल सोडायचं, बुडबुडे गेले की आवळायचं, आणि त्यानंतरच "सोड". निपल उघडं असताना पाय उचलला की तीच हवा परत आत. दर सहा-सात दाबांनी मास्टरची टाकी बघा. ती एकदा रिकामी झाली की सगळं पहिल्यापासून. जुन्या मास्टरवर पेडल तळाला आपटू नका: एरवी पिस्टन जिथं पोचत नाही तिथल्या गंजावर सील फाटतं. पेडलखाली लाकडाचा तुकडा ठेवा. रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा.

घाटवाट
आता थरथर. पुढचं चाक उचला, वर-खाली धरून हलवा. प्ले लागला की मित्राला ब्रेक दाबायला सांगा. दाबल्यावर प्ले गेला तर व्हील बेअरिंग ढिली. तसाच राहिला तर किंगपिन (चाक ज्यावर डावं-उजवं वळतं ती खीळ). (म्हणून ब्रेक आधी.) चाक डावं-उजवं हलवून प्ले आला तर टायरॉड आणि ड्रॅगलिंकचे (स्टिअरिंगच्या दांड्यांचे) एंड तपासा.

व्हील बेअरिंग घरी होते. चाक फिरवत आतला नट चाक अडेपर्यंत आवळा, मग साधारण एक षष्ठांश फेरी मागं. लॉक वॉशर, बाहेरचा नट, पुन्हा प्ले बघा. नट छन्नी-हातोडीनं फिरवू नका, आटे जातात आणि स्टबच (बेअरिंग बसतात तो दांडा) बदलावा लागतो. मोठा बॉक्स पाना मागून आणा. ग्रीस रोलरांमध्ये भरा, हबची पोकळी गच्च भरू नका, तापून ते लाइनरवर येतं.

किंगपिनला शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) असतात. शिम काढली की बेअरिंगवरचा दाब वाढतो, आणि वर-खाली सारख्याच काढाव्या लागतात. पहिल्यांदाच करत असाल तर हे काम मेकॅनिकला द्या. फक्त स्टिअरिंग डँपर (झटके शोषणारा) लावून थरथर झाकू नका.

लाल_माती
तेल: डिफरन्शियल दोन्ही ८०डब्ल्यू-९० जीएल-५ (जीएल म्हणजे डब्यावर छापलेला गिअर ऑइलचा दर्जा). गिअरबॉक्सला जीएल-४, कारण गिअर जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगांना जीएल-५ मधली गंधकाची मात्रा मानवत नाही. ट्रान्स्फर केसलाही तेच जीएल-४ घाला, कारण जुन्या गाड्यांत मधल्या सीलमधून तेल इकडून तिकडं जातं. गिअरबॉक्स कमी आणि ट्रान्स्फर केस जास्त दिसली की समजा ते सील गेलंय.
आणि राव, आधी भरायचा नट सुटतो का बघा, मगच खालचा काढा. वरचा अडकला तर रिकाम्या हाउसिंगची गाडी अंगणातच. भरताना तेल भोकाच्या काठाला लागून वाहायला लागलं की पुरे.

परळीखोरे
धन्यवाद सगळ्यांना. पाण्यात थेंब तरंगला, म्हणजे सील. पण मागचं तेल दुधाळ निघालं.

लाल_माती
पाणी गेलंय. अ‍ॅक्सलचा ब्रीदर (हवा आत-बाहेर जायची छोटी वाट) चिखलानं बुजला असणार. गरम हाउसिंग ओढ्यात उतरलं की आतली हवा आकसते, ब्रीदर बंद म्हणून ती सीलमधून पाणी ओढते. सील गळायला तेही कारण. ब्रीदर काढून डिझेलमध्ये धुवा, फुंकून बघा. शक्य असेल तर तिथं रबरी नळी जोडून बॉडीपर्यंत वर न्या. स्वस्तातलं जीएल-५ भरून वीसेक किलोमीटर चालवा, गरम असतानाच काढा, मग चांगलं भरा. पुढचं हाउसिंग आणि ट्रान्स्फर केसही उघडून बघा, तेही त्याच ओढ्यातून आलेत.

जुना_पाना
सील आणायला जुनं सील सोबत न्या, आकड्यासकट. साताऱ्यात नाही मिळालं तर पुणे, नाना पेठ. आणि सगळं झाल्यावर फोर बाय फोर डांबरावर तपासू नका, या गाडीत मधलं डिफरन्शियल नाही, शाफ्टमध्ये पीळ भरून लिव्हर अडकतं. ओल्या मुरमावर हब लॉक करून सरळ चालवा. तरी अडकलं तर थोडं रिव्हर्स घ्या, सुटतं.