सिटी व्हीटेकला टर्बो? आधी इंजिन तपासा
पुण्यातली 2002 ची होंडा सिटी 1.5 व्हीटेक घेऊन सोलापुरात आणल्या आणल्या टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा) बसवायचा म्हणताय, तर भाऊ गाडी जरूर घ्या, 106 बीएचपीचं ते इंजिन वरच्या आरपीएमला काय ओढतं, मजा आहे. पण टर्बो आत्ता नको. मुळात टर्बोसाठी बनवलेलं इंजिन नाही ते, त्यात बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब दिला आणि वर आपला मे महिना, 43-44 डिग्री, इनटेकला गरम हवा, मग नॉकिंग, म्हणजे पेट्रोल वेळेआधी आपोआप पेटून होणारी ठकठक सुरू झाली की पिस्टन जायला वेळ लागत नाही.

बघायला जाल तेव्हा मालकाला आधीच सांगा, इंजिन थंड पाहिजे. ऑइलचं झाकण काढून आतली बाजू बघा, दुधाळ चहासारखा फेस दिसला की हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं सील) गेल्याचा संशय धरा. चारही सिलिंडरची कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे आत दाब नीट बनतो का ते, कराच, नको म्हणाला तर सरळ परत या. टायमिंग बेल्टचं (व्हॉल्व्ह पिस्टनच्या तालात चालवणारा पट्टा) बिल नसेल तर बदललाच नाही असं धरून चला, तुटला की व्हॉल्व्ह वाकतात, आणि वॉटर पंप पण त्याच खोलाखोलीत बदलून टाका.

पैसा आधी रेडिएटर, होजपाइप, ब्रेक, टायरवर. मग दुपारच्या उन्हात एसी लावून तुळजापूर घाट चढवा, टेंपरेचरचा काटा जागचा हलला नाही तर हेडर्स (इंजिनातून धूर बाहेर नेणारे पाइप), एक्झॉस्टचं बघू.

15 वर्षं कधीच उलटलीत, तेव्हा आरसी रिन्यू आणि ग्रीन टॅक्सची पावती बघूनच टोकन द्या. इंजिनच बदलायचं ठरलं तर आधी आरटीओची परवानगी, नाहीतर क्लेमच्या वेळी इन्शुरन्सवाले अडवतील.