मार्व्हल ऑरलँडोतून हलणार का? पैजा लावण्याआधी १९९४चा कागद बघा

टॅम्पाचा मामा (धागाकर्ता)

फ्लोरिडातल्या टॅम्पात घर असल्यामुळे मे उजाडला की आमची धर्मशाळा होते. पुण्या-नाशकाहून आलेल्या प्रत्येकाला जवळचं, थीम पार्कांचं ऑरलँडो ‘करायचं’ असतं आणि गाडी चालवायला मी असतोच. यंदा भाचा आला होता, वय अकरा. युनिव्हर्सलच्या आयलंड्स ऑफ अॅडव्हेंचरमध्ये हल्कच्या हिरव्यागार रोलर कोस्टरखाली उभा राहून म्हणाला, “मामा, हल्क तर डिस्नीचा. मग इथे काय करतोय?”

रांगेत पाऊण तास मिळाला, तरी उत्तर पुरं झालं नाही. म्हणून इथे लिहितोय.

१९९४ साली हल्क, स्पायडर-मॅनची कॉमिक्स काढणारी मार्व्हल आणि युनिव्हर्सलची तेव्हाची मालक कंपनी एमसीए यांच्यात करार झाला. मार्व्हलचे दिवस तेव्हा काही आजच्यासारखे नव्हते; १९९६च्या डिसेंबरात त्यांनी दिवाळखोरीचा अर्ज केला. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, तसा तो कागद आहे. मिसिसिपी नदीच्या पूर्वेला, युनिव्हर्सल जी पात्रं वापरतं ती आणि त्यांचं गणगोत दुसऱ्या कुठल्याही थीम पार्कला वापरता येत नाही. १९९९मध्ये पार्क उघडलं, स्पायडर-मॅन आणि हल्क राहायला आले. २००९मध्ये डिस्नीने मार्व्हल सुमारे ४ अब्ज डॉलरला विकत घेतली, पण आत पागडीचा भाडेकरू होता. मुंबईत ज्यांनी अशी चाळ घेतली असेल त्यांना पुढचं सांगायला नको.

त्यामुळे कॅलिफोर्नियात, नदीच्या पश्चिमेला, डिस्नीने २०२१मध्ये अ‍ॅव्हेंजर्सचा अख्खा मोहल्ला वसवला आणि फ्लोरिडात त्यांचे हात बांधलेलेच राहिले. २०२२मध्ये डिस्नीच्या ऑरलँडोतल्या एपकॉट पार्कात मार्व्हलच्याच ‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’ची राइड आली, कारण त्या मंडळींना युनिव्हर्सलने कधी हातच लावला नव्हता. स्पायडर-मॅनची कुंडली तर याहून भारी. सिनेमाचे हक्क सोनीकडे, पात्र मार्व्हलचं म्हणजे डिस्नीचं, ऑरलँडोतली राइड युनिव्हर्सलची. तीन घरचा जावई!

तरीही यूट्यूबवर दर आठवड्याला कुणीतरी छातीठोक सांगतं की पुढच्या वर्षी हल्क जाणार, डिस्नी सगळं परत घेणार. माझं म्हणणं असं, की सिनेमाने किती गल्ला जमवला यावरून कुठली राइड कुठे येणार हे ठरत नसतं. कागद कुणाकडे आहे आणि मोकळी जागा कुठे आहे, तेवढं बघायचं. हल्क हलत नाही. मारा दगड.

रोकडा सवाल

पागडीची उपमा फक्कड, पण अर्धीच सांगितलीत. पागडीच्या चाळी पडतात की हो! बिल्डरने योग्य आकडा उच्चारला की चार पिढ्यांचा भाडेकरू आठवड्यात ट्रक बोलावतो.

ओसाकाच्या युनिव्हर्सलमध्ये हीच स्पायडर-मॅनची राइड २००४ला आली. वीस वर्षं चालली आणि जानेवारी २०२४मध्ये बंद झाली. तिथल्या चाहत्यांनाही ‘हलत नाही’ असंच वाटत असणार. ज्या डिस्नीने २०१९मध्ये ७१ अब्ज डॉलर मोजून फॉक्स ही सिनेमा कंपनी घेतली, तिला एका पार्कचा एक कोपरा सोडवणं जड जाईल? कागद वगैरे ठीक आहे, पण कागदालाही किंमत असते. तुम्ही वकिलासारखा विचार करताय, व्यापाऱ्यासारखा करून बघा.

टॅम्पाचा मामा

व्यापाऱ्यासारखाच करतो. २००९पासून डिस्नीकडे पैसा आहे, इच्छाही असेलच. मग इतकी वर्षं सोडवला का नाही?

एक तर युनिव्हर्सलला मार्व्हलसाठी परवान्याची रक्कम भरावी लागते. भाच्याने हल्कच्या हातमोज्यांसाठी माझ्याकडून उकळलेल्या डॉलरांतला वाटा शेवटी डिस्नीच्याच गल्ल्यात जातो. बसल्या जागी मिळतंय ते काय वाईट? दुसरं, युनिव्हर्सलचा फायदा फक्त राइडमध्ये नाही. मोटारने वीसेक मिनिटांवरच्या शेजाऱ्याला त्याच्याच विहिरीचं पाणी भरता येत नाही, हाही फायदाच. त्या आडकाठीची किंमत लावायला बसलात तर आकडा असा येईल की तेवढ्यात डिस्नी कोरं करकरीत काहीतरी उभारेल. ओसाकाला हा शेजारीच नाही, तोक्यो डिस्नी कुठच्या कुठे राहिलं. म्हणून ते उदाहरण मला इथे लागू वाटत नाही.

रोकडा सवाल

‘उदाहरण लागू नाही’ हे वाक्य धागाकर्ते नेहमी विरुद्ध उदाहरण आलं की वापरतात, अशी नोंद करून ठेवतो. :)

सिंहगड रोड

तुम्ही दोघं सातबारा कुणाच्या नावावर यावर भांडताय. मला मुळात शेतच पटत नाही.

सगळ्या राइड सिनेमावरच बेतायच्या हे कुणी ठरवलं? डिस्नीलँडमधली चाच्यांची राइड, पायरेट्स ऑफ द कॅरिबियन, १९६७ची आहे. तिच्यावरून सिनेमा आला २००३मध्ये, म्हणजे छत्तीस वर्षांनी. भुताची हवेली १९६९ची. जंगल क्रूझ तर डिस्नीलँड उघडलं त्या १९५५ सालापासूनची आणि तिच्यावरचा सिनेमा २०२१चा. आधी राइड, मग सिनेमा! आता बघा, ऑरलँडोतल्या डिस्नीच्या मॅजिक किंग्डममधली नदी आणि टॉम सॉयरचं बेट २०२५च्या जुलैत बंद केलं, तिथे ‘कार्स’ या सिनेमाच्या मोटारी धावणार. त्या नदीकाठी माझे सासरे तासभर बसले होते. सत्तर वर्षांच्या माणसाला संपूर्ण पार्कात तेवढी एकच जागा होती जिथे कुणी काही विकत नव्हतं, किंचाळत नव्हतं. तिच्यावर माती टाकून काय मिळवलं, तर आणखी एक रांग.

नेदरलँड्समध्ये एफ्टेलिंग आहे, १९५२पासून. परीकथांचं जंगल आणि बरंचसं त्यांचं स्वतःचं कथाविश्व. हॉलिवूडच्या कुठल्या स्टुडिओने कुणाला विकत घेतलं यामुळे तिथलं झाडाचं पानही हलत नाही.

जुनी रिळं

सिंहगड रोड, भावना पोचल्या. सासऱ्यांना नमस्कार सांगा. पण टॉम सॉयर कुणाचा हो? मार्क ट्वेनचा, १८७६ची कादंबरी. तोही उसनाच की. फक्त हक्क संपलेला असल्याने कुणाला पैसे द्यावे लागत नव्हते. परीकथांचंही तेच. तुमचा विरोध उसन्या गोष्टीला आहे की नव्या गोष्टीला?

सिंहगड रोड

बरोबर पकडलंत. विचार केला. विरोध बहुतेक रांगेला आहे. पण चाच्यांची राइड उसनी नव्हती, ते खोडून दाखवा.

जुनी रिळं

नाही खोडता येत. मात्र आता तुम्हाला मुळापर्यंत नेतो, कारण ‘स्टुडिओ’ हा शब्द या धाग्यात नुसता मालक म्हणून वावरतोय आणि तो एके काळी खरोखर जागा होता.

१९१५मध्ये कार्ल लेमलीने लॉस एंजेलिसच्या उत्तरेला युनिव्हर्सल सिटी उघडली आणि शूटिंग बघायला येणाऱ्यांकडून २५ सेंट घेतले, त्यात जेवणाचा डबासुद्धा. लोक बाकड्यांवर बसून नायकाला टाळ्या, खलनायकाला शिव्या द्यायचे. मूकपट होते म्हणून चाललं. बोलपट आले, कॅमेऱ्याशेजारी माइक आला आणि प्रेक्षकांना बाहेर काढावं लागलं. पुन्हा दारं नीट उघडली ती १९६४मध्ये, ट्रॅममधून फिरवायला. फ्लोरिडातली दोन्ही स्टुडिओ-पार्कं, डिस्नीचं १९८९चं आणि युनिव्हर्सलचं १९९०चं, ‘इथे खरंच सिनेमे बनतात’ हे सांगूनच सुरू झाली. डिस्नीच्या पार्काच्या नावात एमजीएम होतं, तेही परवान्यावर. २००८मध्ये ते नाव गेलं. तिथली ‘ग्रेट मूव्ही राइड’, ज्यात एकापाठोपाठ एक जुने सिनेमे पुतळ्यांच्या रूपात भेटायचे, २०१७मध्ये बंद झाली. माझ्या लेखी त्या दिवशी स्टुडिओ-पार्क ही कल्पनाच मेली. आता सिनेमा कसा बनतो हे कुणाला बघायचं नाहीये, सिनेमात राहायला जायचंय.

आपल्याकडे गोरेगावच्या चित्रनगरीबद्दल अधूनमधून ‘तिथे थीम पार्क काढा’ अशी टूम निघते. १९७७पासून तिथे रोजचं काम चालतं. आवाजाचं गणित लेमलीला चुकवता आलं नाही, तिथे आपण काय चुकवणार? शिवाय कुंपणापलीकडचे बिबटे तिकीट काढून येत नाहीत.

बर दुबईकर

मामांच्या ‘कागद बघा’ या सिद्धांताला मी आमच्या दारातून सुरुंग लावतो. दुबईत बॉलिवूड पार्क्स होतं, २०१६ ते २०२३. कागद सगळे जागेवर होते. ‘शोले’, ‘डॉन’, ‘लगान’, ‘क्रिश’, ‘दबंग’, सगळ्यांचे हक्क रीतसर घेतलेले. मुंबई चौक होता. राजमहाल नावाचं देखणं नाट्यगृह होतं. जमीन तर विचारूच नका, वाळवंट पडलंय. म्हणजे कागदही होता, जागाही होती. तरी एप्रिल २०२३मध्ये बंद झालं. का?

आम्ही तिथे बऱ्याचदा जायचो, मुलींना नाचगाणी फार आवडायची. मला लागलेलं उत्तर असं: हिंदी सिनेमाचा जीव गाण्यात, संवादात आणि नटात आहे. पाळण्यात बसून संवाद ऐकू येत नाही. ज्या सिनेमांची पार्कं चालतात त्यांत एक गाव असतं, जिथे जावंसं वाटतं. हॅरीची शाळा आणि तिच्याखालचं बर्फाळ गाव, ‘अवतार’मधले तरंगते डोंगर. तिथे नायक भेटला नाही तरी चालतं, उलट बरंच, मग नायक मीच. ‘डॉन’मधलं गाव कुठलं सांगा?

रोकडा सवाल

‘शोले’त रामगढ आहे की. टाकीसकट.

बर दुबईकर

होय, आणि तिथे रामगढच्या जागी गब्बरला गोळ्या घालायचा खेळ केला होता! मला टाकीवर चढून मावशींना दटावायचं होतं.

खोपोली घाट

दुबईकरांना दुजोरा. आमच्या खोपोलीजवळचं इमॅजिका हे थीम पार्क २०१३मध्ये उघडलं तेव्हा त्यात ‘मिस्टर इंडिया’वर राइड होती. सिनेमा १९८७चा. मी खुर्चीत ‘मोगॅम्बो’ म्हणून ओरडत होतो आणि शेजारी बसलेला माझा मुलगा माझ्याकडे काळजीने बघत होता. त्याला आवडली ती डायनासोरवाली होडी, जिच्यामागे सिनेमाबिनेमा काही नाही. सिंहगड रोड, हा गुण तुमच्या खात्यात.

सिंहगड रोड

जमा करून घेतला.

टॅम्पाचा मामा

दुबईकर, सुरुंग लागला. मान्य. कागद आणि जागा असली की राइड *येते*, ती *टिकते* का हे वेगळं. मी दोन प्रश्न एकात कोंबले होते. ‘गाव’ हा मुद्दा मी चोरणार आहे, आधीच सांगतो.

पण मूळ मुद्दा सोडत नाही. ‘अवतार’चंच घ्या. डिस्नीने २०११मध्ये करार केला, २०१७मध्ये ‘अवतार’चं पँडोरा पार्कात उघडलं आणि ज्या फॉक्सचा तो सिनेमा, ती विकत घेतली २०१९मध्ये. म्हणजे राइड आधी, मालकी नंतर. हॅरी पॉटर वॉर्नरचा, तरी २०१०पासून युनिव्हर्सलमध्ये सुखात आहे. २०२५च्या मे महिन्यात एपिक युनिव्हर्स उघडलं त्यात त्याचं तिसरं बिऱ्हाड आलं. त्याच पार्कात निन्टेंडोचं गाव आहे, म्हणजे सिनेमा स्टुडिओसुद्धा नाही, खेळाची कंपनी. मालकी बघून भाकितं करणारे दर वेळी तोंडावर पडतात ते यामुळे.

एका ठिकाणी मात्र मी उलटी पैज लावेन. युनिव्हर्सलमधले सिम्पसन्स, टीव्हीवरच्या कार्टून मालिकेतले. ती राइड २००८ची, जुन्या ‘बॅक टू द फ्यूचर’च्या इमारतीत थाटलेली. २०१९पासून, फॉक्सबरोबर, तेही डिस्नीचं बिऱ्हाड झालंय. तिथे मिसिसिपीबिसिसिपीची आडकाठी राखण्यात युनिव्हर्सलला मार्व्हलइतका रस असेल असं वाटत नाही आणि हातात निन्टेंडोसारखं ताजं खेळणं आहे. ते जातील. हा निव्वळ माझा अंदाज, कुणी आतून सांगितलेलं नाही.

रोकडा सवाल

म्हणजे जुना भाडेकरू हलत नाही आणि मधला हलतो. आता बोललात व्यापाऱ्यासारखं!

चला, पैज. २०३५च्या मे महिन्यात हल्क तिथे असला तर मी तुम्हाला टॅम्पात घरपोच चितळ्यांची बाकरवडी पाठवीन, पाच किलो. नसला तर माझ्या कुटुंबाची चार दिवसांची तिकिटं तुम्ही काढायची.

टॅम्पाचा मामा

तिकिटं सोडून काहीही मागा. चौघांची चार दिवसांची तिकिटं काढायची तर मलाच पागडी सोडावी लागेल.

खोपोली घाट

बाकरवडीच्या पैजेत मला मधे धरा. आणि भाच्याला शेवटी काय उत्तर दिलंत ते राहिलं.

टॅम्पाचा मामा

सांगितलं, “हल्क इथे भाड्याने राहतो.” तो म्हणाला, “मग घरमालक आला की तो हिरवा होतो का?”